नळीचं वळण

कारखान्यात सगळेच तिला आत्या म्हणत, कारण नव्या बंदुकीचा आराखडा काढणारा इंजिनिअर तिचा सख्खा भाचा. त्याच्या बोलण्यात सारखे दशांश, म्हणून त्याचं नावच पडलं दशांश. आत्याचं काम डोळ्याचं. पोकळ नळी उजेडाकडे धरायची, आत उजेडाची कडी गोल दिसते का पाहायचं आणि बाक दिसला की दाबयंत्राखाली अलगद दाबून काढायचा.

नळीबाई नळीबाई, खोल तुझं पोट,
पल्याडच्या काठाला उजेडाचं बोट,

असं गुणगुणत तीस वर्षं गेली. तिच्या हातून एकही वाकडी नळी बाहेर पडली नव्हती.

ही नवी बंदूक मात्र हट्टी निघाली. अंगठ्याएवढी जाड गोळी, दीड किलोमीटरवरचं लक्ष्य. चाचणीसाठी फौजेतून आलेला हवालदार ती झाडून पाही. पहिल्या दोन गोळ्या मधोमध, तिसरीपासून डावीकडे. पंधरा दिवसांवर शेवटची चाचणी आली होती. ती फसली की बंदूक कायमची बाद, दशांशची चार वर्षं मातीत.

"हवालदाराचा खांदा हलतोय," दशांश म्हणाला.

"साहेब, खांदा पहिल्याच गोळीला हलला असता," हवालदार म्हणाला. "तुमचे आकडे हलताहेत!"

"नळीवर मात्र आळ घेऊ नका," आत्या म्हणाली. "ती मी सरळ केलीय."

म्हणाली खरी, पण मनात काटा सलत राहिला. पुढच्या पाच गोळ्या सुटल्याबरोबर तिने बंदूक रिकामी करायला लावली, नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढायला लावला आणि तापल्या नळीला डोळा लावला. कडी एका बाजूला सरकली होती! नळी निवली तशी कडी पुन्हा गोल, साळसूद.

तीस वर्षं तिने नळी पाहिली ती गारच.

"ही किती वेळा दाबली होती रे मी?"

"तीनदा, आत्या."

"मग तेच. दटावून बसवलेलं पोर आहे हे. गार आहे तोवर हाताची घडी, तोंडावर बोट. अंग तापलं की मूळ वळणावर!"

"आता गं?"

आत्याने निवलेल्या नळीवरून बोट फिरवलं. "दाबायचीच नाही. भट्टीत तापवा, हळूहळू निवू द्या, मनातलं सगळं काढून टाकू दे तिला. मग जी आपणहून सरळ राहील, ती घ्या."

"अगं, मग तुझं काम?"

"निवडायला डोळे लागतीलच की, शहाण्या!"

अकरा नळ्या भट्टीतून निघाल्या. आत्याने दहा बाजूला सारल्या, एक उचलली.

चाचणीला हवालदाराने दहा गोळ्या सलग झाडल्या. नळीवरची हवा थरथरत होती. दशांशने वायरलेस कानाला घट्ट धरला.

"साहेब, एका ताटात मावतात!" पलीकडून लक्ष्याजवळचा माणूस ओरडला. "दहाच्या दहा!"

"सरासरी किती, दशांश?" हवालदाराने चिडवलं.

"मसणात गेली सरासरी!" म्हणत दशांशने आत्याला उचलून गरकन फिरवलं.

"खाली ठेव, मेल्या, मला बघू दे!"

बोल्ट काढला. तापल्या नळीला तिने डोळा लावला. आत उजेडाची कडी होती, बांगडीसारखी गोल.

"शाबास गं माझी बाय," आत्या नळीत पुटपुटली, "कुणी न दटावता बसलीस."

दुसऱ्या दिवसापासून दाबयंत्रावर चहाचे पेले निथळू लागले. ते तिथे तिनेच उपडे घातले होते.