चेहरा राहिला

विदोसावाला बसवत नव्हतं. मठातल्या लांब टेबलाशी सगळ्या जणी माना खाली घालून संतांची चित्रं रंगवत होत्या आणि हिचा उजवा पाय टेबलाखाली एकसारखा ब्रेक दाबत होता. शेजारच्या रादोयकाच्या रंगाच्या वाट्या थरथरायच्या. रादोयका औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेली, सोशिक बाई. तीही शेवटी म्हणालीच, "अगं विदा, येऊ दे की तुझा थांबा एकदाचा."

विदोसावा बेलग्रेडमध्ये ट्राम चालवायची. हिवाळ्यात बाजाराजवळच्या वळणावर एक म्हातारा पिशवी घेऊन रुळांवर आला. तिने घंटा वाजवली, ब्रेक दाबला. ट्राम थांबली, पण उशिरा. म्हाताऱ्याचा खुबा मोडला. चौकशीत तिची चूक निघाली नाही. जो तो तिला तेच सांगे, आणि ऐकून ऐकून तिला त्या वाक्याचा वीट आला होता. रजा मिळाली, झोप गेली. मग बहिणीने तिला मठातल्या या शिबिराला धाडलं. राहायचं, जेवायचं तिथेच. हाताला काम लागलं की डोकं निवेल, असा बहिणीचा होरा.

विदोसावाने घराण्याचा संत निवडला, निकोला. सोन्याचा वर्ख लावताना तांबड्या मातीच्या लेपावर तोंडाची वाफ सोडायची आणि श्वास रोखून वर्ख टेकवायचा. तिला श्वास रोखता येईना. पहिला वर्ख उडून रादोयकाच्या बाहीवर बसला. तरी प्रभावळ झाली, झगा झाला. गाडं अडलं ते चेहऱ्याशी. चेहरा आधी काळपट हिरवा रंगवायचा, मग त्यावर उजळ रंगाचे पातळ हात द्यायचे, आणि खालचा हात वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही. विदोसावाला तेवढा धीर कुठला? अंड्याच्या बलकात कालवलेला रंग ओला असतानाच ती कुंचला फिरवी आणि सगळं निघून फळीवरचा पांढऱ्या खडूचा लेप उघडा पडे. आधी गाल गेला, मग कपाळ.

शिकवणारी माता येफिमिया रागावली नाही. खरवडून पुन्हा सुरू कर, एवढंच म्हणाली. दुसऱ्यांदा खरवडताना विदोसावाने पातं खाली ठेवलं आणि ती अंगणात येऊन विहिरीपासून फाटकापर्यंत येरझारा घालू लागली. माता मागोमाग आली. विदोसावाने न विचारताच सांगून टाकलं: निकोलाचा चेहरा काढायला बसलं की ट्रामच्या काचेपलीकडून बघणारा तो म्हाताराच समोर येतो.

"जिवंत आहे ना तो?" मातेने विचारलं.

"आहे. इस्पितळात आहे अजून."

"भेटलीस?"

"काय सांगू भेटून? माझी चूक नव्हती म्हणून?"

"ते मला ठाऊक नाही. दुपारची बस पुलापाशी थांबते."

"आणि प्रार्थना केली तर?"

"ती मी करते. तू बस गाठ."

बसमध्ये जागा असून ती उभी राहिली. इस्पितळात त्याच्या दारापर्यंत जाऊन जिन्याशी परत आली, पुन्हा गेली. म्हाताऱ्याचं नाव स्रेतेन. आपण कोण ते तिने सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. नखांत सोनं कसलं, असं त्याने विचारलं. तिने तेही सांगितलं.

"म्हणजे मी इथे पडलोय आणि तुम्ही चित्रं काढताय."

तिने मान डोलावली. त्यात खोटं काही नव्हतं.

"बसा तरी, बाई," तो वैतागून म्हणाला. "उभ्या राहिलात की मला ती ट्रामच दिसते."

ती बसली. फारसं बोलणं झालं नाही. इथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, अशी कुरकुर त्याने केली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

विदोसावा मठात परतली नाही. तिची पिशवी रादोयकाने शिबिर संपल्यावर शहरात आणून दिली; तुझा निकोला अजून फळीवर हिरवाच आहे, म्हणाली.

पुढच्या खेपेला विदोसावाने घरून कॉफी नेली. स्रेतेनने आभार मानले नाहीत, पण कप रिकामा केला.

"परत चालवणार ट्राम?"

"माहीत नाही. झोपच लागत नाही अजून."

"मला तरी कुठे लागते." त्याने रिकामा कप तिच्याकडे सरकवला. "चालवाच. फक्त माझ्या बाजारावरून नको."

तिला हसू फुटलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून बघायला लागला, तरी ते आवरेना.