द्वादशीच्या पारण्याची घाई

माझा कुणावर विश्वास नाही, हे आधीच सांगतो. तीस वर्षं मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. वर ‘केळी’ लिहिलेल्या करंडीत आत काय काय निघतं ते याच डोळ्यांनी पाहिलंय. रिटायर झालो तरी सवय गेली नाही. भाजीवालीचा तराजू मी आधी रिकामा धरायला लावतो. बायको, वत्सला, म्हणते तुम्ही देवाच्या तीर्थाचाही वास घेऊन बघाल. बघेन, त्यात काय.

शहाऐंशी सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण अलमेलु नवरा गेल्यावर आमच्याकडे कुंभकोणमला राहायला आली होती. बरोबर आणलेल्या वस्तू दोनच, तिची वीणा आणि नवऱ्याची स्कूटर. दीड वर्ष ती स्कूटर ओट्यावर चादर पांघरून उभी होती. एक दिवस ती म्हणाली, “अण्णा, ही विकू. दोन जुने टाइपरायटर येतील. पुढच्या खोलीत मुलींना टायपिंग शिकवते. मला जन्मभर दुसऱ्याच्या ताटात जेवायचं नाही.”

ताट माझं होतं, म्हणून जरा लागलं. पण जाहिरात मीच लिहिली, तमिळ पेपरात मीच दिली. किंमत साडेसात हजार. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी पारखणार, हेही मीच ठरवलं.

पहिला आला साक्कोट्टैचा स्वामीनाथ, विड्याच्या पानांचा व्यापारी. कापडी पिशवीतून त्यानं नोटांची पुडकी काढली. नोटांना पानांचा वास येत होता. मी एकेक नोट उजेडात धरली. मग विचारलं, घर कुठल्या गल्लीत, वडील काय करायचे, एवढी रोकड घरात कशी. त्यानं निम्म्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि मग पिशवी गुंडाळली. तमिळमध्ये म्हणाला, “सामी, पैसे मोजा. माझं घराणं कशाला मोजता?” आणि गेला.

“खोटं असल्याशिवाय माणूस चिडत नाही,” मी म्हणालो. अलमेलु उठली. चादर पुन्हा स्कूटरवर घालून आली.

नंतरच्या शनिवारी, दुपारी एकच्या सुमाराला, रस्त्यावरून हाक आली. “मामा आहेत का घरी?”

हाक आपल्या मराठीत होती. आम्ही घरात मराठी बोलतो आणि उंबरा ओलांडला की तमिळ. पिढ्यान्‌पिढ्या हेच चाललंय. रस्त्यावरून कुणी मराठीत हाक मारली की तो माणूस निम्मा घरात आलेलाच असतो. पण मी असा तसा फसणारा नव्हे. बसवलं आणि सुरुवात केली. नाव वादिराज. तिरुचीला राहतो. आजोळ तिरुवलंचुळीचं. गोत्र विचारलं, मठ विचारला, आजोबांचं नाव विचारलं. सगळं धडाधड सांगितलं.

तरी मी शेवटचा फास टाकला. त्या दिवशी आमची एकादशी होती. गावातल्या बाकीच्यांची आदल्या दिवशीच होऊन गेली होती. आम्हा माध्व वैष्णवांची कधी कधी अशी एक दिवस पुढे जाते, आणि त्या दिवशी पाण्याचा थेंबही चालत नाही. मी वत्सलेला म्हणालो, “पाहुण्यांना कॉफी आण.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला भ्रमच झालाय.

वादिराज हसला. “मामा, माझी परीक्षा बघता काय? काल त्यांची होती. आपली आज.”

बाहेर ऊन रणरणत होतं. त्याचे ओठ सुकले होते. पण त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. मी मनात म्हटलं, हा आपला.

मग त्यानं ड्राफ्ट काढला. साडेसात हजारांचा, तिरुचीच्या बँकेचा, अलमेलुच्या नावानं. किमतीत घासाघीसही नाही. अलमेलु ड्राफ्ट हातात घेऊन म्हणाली, “शनिवारी बँक बाराला बंद होते. सोमवारी हा खात्यात जमा झाला की गाडी न्या.”

“अक्का बरोबर बोलतात,” वादिराज म्हणाला. “पण उद्या पहाटे द्वादशीचं पारणं. आई घरी एकटी आहे, मी पोचल्याशिवाय तोंडात तीर्थ घेणार नाही. सोमवारी पुन्हा यायला रजा मिळायची नाही. राहू द्या मग. ही गाडी माझ्या नशिबात नाही म्हणायचं.” आणि उठला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकादशीला आपला माणूस दारात येतो, आणि आपण त्याला हात हलवत परत पाठवायचं? उपाशी म्हातारी तिकडे वाट बघत बसणार? “ड्राफ्ट म्हणजे बँकेचाच पैसा,” मी अलमेलुवर डाफरलो. “सही कर.” तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कागदांवर सही केली. पेट्रोलची बाटली मी स्वतः ओतून दिली.

सोमवारी बँकेत चंद्रमौळी होता, आमच्याच गल्लीतला. त्यानं ड्राफ्ट दोनदा उलटापालटा केला आणि तिरुचीला ट्रंककॉल लावला. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाला, “मामा, कोरे फॉर्म चोरीला गेलेत. हा त्यातलाच. असा ड्राफ्ट तिथे कुणी दिलेलाच नाही.”

मी आणि अलमेलु तसेच पोलीस ठाण्यात गेलो. फौजदारानं वही उघडली. “त्या माणसाची काय माहिती आहे?”

“वासिष्ठ गोत्र,” मी म्हणालो. “एकादशी कडक पाळतो.”

त्यानं पेन खाली ठेवलं आणि चहा मागवला. स्कूटर आजतागायत सापडलेली नाही.

ठाण्यातून परतताना मी अलमेलुला म्हणालो, “सोंगाड्या होता. आपला नव्हताच तो.”

“आपलाच होता, अण्णा,” ती म्हणाली. “दिवसभर खरंच पाणी प्यायला नसेल.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही.

महिन्याभरानं पुढच्या खोलीत एक टाइपरायटर आला. दोन नाही, एक. कोपऱ्यातली वीणा दिसेना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाहिरात तिनंच दिली होती. गिऱ्हाइकाला घरी बोलावलंच नव्हतं.

“कोणी घेतली?” मी विचारलं. “कुठला माणूस? कुणापैकी?”

ती यंत्रात कागद घालत होती. “विचारलं नाही,” ती म्हणाली. “चंद्रमौळीच्या समोर नोटा मोजल्या, खात्यात भरल्या, पावती घेतली. मग वीणा दिली.”

मी खुर्चीवर बसलो. तिच्या लग्नात ती वीणा मीच आणली होती, पार्सल ऑफिसातून, स्वतःच्या खांद्यावरून. अलमेलुनं कागद सरळ केला आणि टाइप करायला लागली.