जोडीने चालणारे ठिपके

सरोवरावरून धुकं वर चढलं की टेकडीवरचं हॉस्पिटल खालून पुसलं जायला लागायचं. आधी पार्किंग नाहीसं व्हायचं, मग अँब्युलन्सचं दार, मग एकेक मजला. चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभ्या असलेल्या सिल्वीला वाटायचं, आपण जमिनीला कुठे टेकलेलोच नाही. मुलगी, विनी, झाल्यापासून तिला असं बरेचदा वाटायचं. अपुरी राहिलेली झोप दिवसभर थेंब थेंब झिरपत राहायची, आणि समोरच्या गोष्टींच्या कडा मऊ करून टाकायची.

सिल्वी मॅटसन विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात संशोधन करत होती. तिच्या विषयाचं नाव दोन ओळी भरून उरायचं. आईला फोनवर ती सोपं करून सांगायची, "नवी यंत्रं आल्यावर नर्सेस दमून नोकरी का सोडतात, आणि एखाद्या वॉर्डातल्या का सोडत नाहीत, ते बघतेय."

"त्यात बघायचंय काय?" कागदाच्या गिरणीत जन्म काढलेली आई म्हणायची. "मुकादम बरा असला की माणसं टिकतात."

"तेच सिद्ध करायचा पगार मिळतो मला."

"मग हळूहळू कर. घाई कशाला?"

यंत्र तसं साधं होतं. प्रत्येक नर्सच्या छातीवर एक बिल्ला, आणि काउंटरवरच्या पडद्यावर वॉर्डाचा नकाशा. बिल्ला जाईल तिथे नकाशावर एक निळसर ठिपका जायचा. बोट टेकवलं की ठिपक्याचं नाव दिसायचं. एखाद्या पेशंटची नाडी बिघडली, तर सगळ्यांत जवळच्या नर्सला हाक जावी, म्हणून ते आणलेलं. पण ठिपका जरा जास्त वेळ एका जागी राहिला की पिवळा व्हायचा, आणि पिवळ्या ठिपक्यांचा हिशेब दर आठवड्याला तळमजल्यावरच्या ऑफिसात जायचा. त्यामुळे बाकीच्या मजल्यांवर नर्सेस काम नसलं तरी पाणी प्यायच्या निमित्ताने, नाहीतर उगाच, चकरा मारत राहायच्या. आणि कंटाळून सोडून जायच्या.

चौथ्या मजल्यावरून कुणीच गेलं नव्हतं. तिथले ठिपके कधी पिवळेही होत नव्हते. सिल्वीला त्याहून नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तिथे बरेचदा दोन ठिपके अगदी खेटून, एका चालीने, लांब कॉरिडॉरभर जायचे. बर्फाखालून दोन मासे जावेत तसे. ती तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची. तिने त्याला नाव दिलं, जोडचाल. बरोबर चालणाऱ्या नर्सेस एकमेकींना तोलून धरतात, असं तिने लिहिलं. प्राध्यापक खूश झाले. तळमजल्यावरचे उपाध्यक्ष हॉगेन त्यांच्याहून खूश झाले.

"म्हणजे जोडीने चालल्या, तर त्यांना मधल्या सुटीची गरजच पडत नाही," ते म्हणाले होते.

"असं मी म्हटलेलं नाही."

"आकडे म्हणतायत ना."

आणि आता गुरुवारी बैठक होती. सगळ्या मजल्यांवर नर्सेसनी जोडीने फिरायचं आणि दुपारची सुटी बंद, असं त्यात ठरायचं होतं. ठरावाखाली आधार म्हणून सिल्वीचं नाव. तिच्या मनात तेव्हापासून काहीतरी बारीक टोचत होतं, पण ते नेमकं काय, हे तिला कळत नव्हतं. विनीच्या पायात एक मोजा असायचा, तो तिच्या हृदयाचे ठोके मोजून फोनवर पाठवायचा. फोन हिरवा असायचा, म्हणजे सगळं ठीक. तरी सिल्वी उठायची, अंधारात पाळण्यात हात घालायची आणि छाती वरखाली होते का ते तळव्याने बघायची. नवरा ओवेन हसायचा. तो मालवाहू जहाजावर होता, घरी असायचा कमीच.

बुधवारी पाळणाघराच्या बाई आजारी पडल्या. ओवेन सरोवरात कुठेतरी होता. शेवटचे आकडे उतरवून घ्यायचेच होते, तेव्हा सिल्वी विनीला झोळीत छातीशी बांधून हॉस्पिटलात आली. दुपार होती. धुकं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं होतं. काउंटरवर कुणी नव्हतं. ती पडद्यासमोर बसली आणि विनीच्या टाळूवर हनुवटी टेकवून ठिपके बघू लागली.

कॉरिडॉरच्या टोकाकडून दोन ठिपके निघाले. जोडीने, सावकाश, तिच्याच दिशेने. तिने बोट टेकवलं. एक बेव्ह, वॉर्डाची मुख्य. दुसरी मार्लिस.

सिल्वीने मान वर केली. धुक्यामुळे आत येणारा उजेड दुधासारखा झाला होता, आणि त्या उजेडातून बेव्ह तुओमी एकटीच चालत येत होती.

सिल्वीने पडद्याकडे बघितलं. दोन. समोर बघितलं. एक. क्षणभर तिला खरंच वाटलं की बेव्हच्या शेजारून कुणीतरी न दिसणारं चालतंय, आणि त्याच्या पायांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. अंगावर काटा आला, पण भीती वाटली नाही.

बेव्ह जवळ आली. साठीला टेकलेली, रुंद खांद्यांची बाई. तिने आधी विनीकडे बघितलं, मग सिल्वीकडे.

"कधी झोपली होतीस शेवटची?"

"झोपते की मी."

"खोटं बोलायचं तर चेहरा तरी धुऊन यायचंस, पोरी. बिल्ला दे तुझा."

संशोधक म्हणून सिल्वीलाही एक बिल्ला होता. "कशाला?" तिने विचारलं, पण हात आपोआप त्याच्याकडे गेला. बेव्हने तो घेतला आणि स्वेटरच्या खिशात टाकला. खिशात प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक आपटल्याचा हलका आवाज झाला.

"चादरींच्या खोलीत जा. मी चालते तुझ्यासाठी."

चादरींची खोली कॉरिडॉरच्या वळणावर होती. तिथे पेशंटची ब्लँकेटं गरम ठेवायचं कपाट होतं, एक खिडकी होती आणि दोन जुन्या खुर्च्या. एका खुर्चीत मार्लिस बसली होती, बूट काढून. मांडीवर कपाटातलं गरम ब्लँकेट, आणि त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसलेले.

"बस," मार्लिस कुजबुजली. "तिसऱ्या कप्प्यातलं घे. ते जास्त गरम असतं."

सिल्वीने ब्लँकेट घेतलं, विनीच्या पाठीवरून स्वतःभोवती लपेटलं. ऊब आधी खांद्यांत उतरली, मग पाठीत, मग जिथे इतके महिने काहीतरी आवळून धरलेलं होतं तिथे. विनीने झोपेत एक लांब श्वास सोडला.

"सकाळी माझे एक आजोबा गेले," मार्लिस खिडकीकडे बघत म्हणाली. "नऊ नंबरच्या खाटेवरचे. मासेमारीच्या गोष्टी सांगायचे. सगळ्या थापा." थोड्या वेळाने म्हणाली, "बेव्ह म्हणाली, बस जा, ते मनातून खाली उतरेपर्यंत. कुणी गेलं की ती असंच करते. यंत्र यायच्या आधीपासून. आता फक्त बिल्ला घेऊन फिरावं लागतं तिला."

"आणि यंत्राने तुला हाक मारली तर?"

"तर ती जाते की. माझ्यापेक्षा लवकर पोचते म्हातारी."

खाली धुक्यात एका जहाजाने भोंगा दिला. लांब, खोल. बंदराच्या तोंडाशी जहाजांसाठी वर उचलला जाणारा पूल होता, त्याने भोंग्यानेच उत्तर दिलं. तो ओवेन असेल का, असं सिल्वीच्या मनात आलं आणि विरघळून गेलं. डोळे मिटले तर आत निळे ठिपके पोहत होते. जोडीने. आणि हळूहळू तिला कळलं की त्या सगळ्या जोड्यांमध्ये, इतके महिने, एकच ठिपका सारखा होता. तिने तो कधी वेगळा काढून बघितलाच नव्हता. मुख्य नर्स सगळ्यांबरोबर फिरणारच, असं धरून तिने तो हिशेबातून सोडून दिला होता. जोडचाल नव्हतीच कुठे. एक बाई दुसरीचं चालणं खिशात घेऊन फिरत होती, आणि दुसरी इथे बसलेली होती, गरम ब्लँकेटात हात घालून.

टोचत होतं ते काय, हे आता तिला कळलं. उद्या तिच्याच सहीने बाकीच्या मजल्यांवरच्या बायकांची सुटी जाणार होती. आणि ते थांबवायचं तर बेव्हचं नाव उघडं पडणार होतं. दुसऱ्याचा बिल्ला वापरला तर नोकरी जाऊ शकते, हे भिंतीवर ठळक छापलेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा बेव्ह काउंटरवर वाइल्ड राइसचं सूप डब्यातूनच पीत होती, उभ्यानेच.

"मला सांगावं लागेल, बेव्ह," सिल्वी म्हणाली. "नाहीतर बाकीच्या मजल्यांवर..."

"माहितीये." बेव्हने बिल्ला परत दिला. "मला वाटलं होतं तू पहिल्या आठवड्यातच ओळखशील. मग बघितलं तर तू त्याला नाव देऊन मोकळी."

सिल्वीचे कान तापले. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"तुझा निबंध इतका छान चालला होता. आणि मला भीती वाटत होती. मलाही घराचे हप्ते आहेत, बाई." बेव्हने डबा बंद केला. "सांग. फक्त आधी माझ्या पोरी इथे का टिकून राहिल्या ते सांग, आणि मग बिल्ल्याचं. उलट सांगितलंस तर त्यांना बिल्लाच ऐकू येईल."

गुरुवारी धुकं आणखी वर आलं होतं. तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत खिडक्या होत्या, पण त्यांत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हॉगेनांनी मुद्दाम चौथा मजला लावून ठेवला होता. विनी आज पाळणाघरात होती आणि सिल्वीच्या खिशात फोन हिरवा होता. बेव्ह कोपऱ्यात कॉफी घेऊन बसली होती.

सिल्वी उभी राहिली. "चौथ्या मजल्यावरची माणसं टिकली, कारण त्यांना बसायला मिळतं," ती म्हणाली. "कुणी मेलं, कुणी ओरडलं, की त्यांची मुख्य त्यांना बसवते आणि त्यांचं काम स्वतः करते. माझ्या कागदात जोडचाल म्हणून जे आहे ते चूक आहे. ती माझी चूक. ते दोन ठिपके एकाच बाईच्या खिशात होते. याच्यावरून तुम्ही सुटी बंद केलीत, तर जे माणसांना टिकवतं तेच तुम्ही काढून घ्याल. माझं नाव मी त्याखालून काढून घेतेय."

हॉगेन चष्मा पुसू लागले. "कुणाच्या खिशात?"

"माझ्या," बेव्ह म्हणाली. "स्वेटरला मोठे खिसे आहेत, म्हणून बरं."

"तुम्ही यंत्राला फसवलंत, बेव्हर्ली."

"त्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही."

कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. हॉगेनांनी समोरचा कागद पालथा घातला. "सुटी आहे तशी राहील," ते म्हणाले. "आणि तुमचं काय करायचं, बेव्हर्ली, ते मला बघावं लागेल. असंच सोडता येणार नाही."

"बघा," बेव्ह म्हणाली. पण कप बशीत ठेवताना किंचित वाजला. सिल्वीने तो आवाज ऐकला.

हॉगेन पडदा बंद करायला वळले आणि थांबले. पुढे होऊन त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकवलं.

"तुम्ही इथे बसल्या आहात ना?"

पडद्यावर बेव्हचा ठिपका चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून चालला होता. त्याला खेटून मार्लिसचा.

बेव्हचा हात छातीवर गेला. तिथे बिल्ला नव्हता. "मी निघताना मार्लिस स्वेटर नीट करत होती माझा," ती हळूच, स्वतःशीच म्हणाली. मग तिने त्या दोन ठिपक्यांकडे बघितलं, ते वळणापर्यंत पोचले, थांबले, परत निघाले. "चालते बघा कशी. बदकासारखी."

हॉगेनांनी पडदा बंद केला नाही. लोक उठले, खुर्च्या सरकल्या, दारं उघडली मिटली. सिल्वी बेव्हच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"वर जायचं ना?" तिने विचारलं.

"थांब जरा," बेव्ह म्हणाली. तिने पाय लांब केले आणि खुर्चीला पाठ टेकली. "मी चालतेय ना वर."