गोदामातला दुपारचा खेळ

निजामी अमलाची शेवटची दोन-तीन वर्षं. लातूरच्या गंजबाजारात सरकीचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. दारं लावून तिथं दुपारी बायकांना सिनेमा दाखवत. बोलणं सगळं उर्दू. म्हणून पडद्याशेजारी शिवम्मा उभी राहायची आणि मराठीत सांगायची. मुन्सफाच्या घरी भांडी घासता घासता उर्दू तिच्या कानात बसली होती. सांगायची मात्र जात्यावरच्या चालीत.

तिचा बाप मलप्पा गंगम्माच्या अडतीवर पोती वाहायचा. आणि गंगम्माचा एकुलता लेक, बसवराज, शिवम्मावर जीव जडवून बसला होता. "हमालाची पोर?" एवढंच गंगम्मा लेकाला म्हणाली होती. मग थोड्या वेळानं, "तिला पाहून येते आधी."

आज गंगम्मा पहिल्या सतरंजीवर होती. कपाळभर विभूती, मांडीवर पानाचा डबा.

पडद्यावर गरीब पोर प्रियकराच्या दारात येऊन उभी राहिली. त्याची आई कडाडली. शिवम्मानं गंगम्माकडं पाहिलं.

"काय म्हणायली गं ती?" मागून एक बाई ओरडली.

शिवम्मानं सूर धरला, "ये गं माझ्या लेकी, उंबरा झाला तुझा..."

पडद्यावर दार धाडकन लागलं. पोर पायरीवर बसून रडायला लागली.

"आगं, मग रडती कशापायी?"

"आनंदानं," शिवम्मा म्हणाली. सगळं गोदाम हसलं.

खेळ सुटल्यावर गंगम्मा तिच्यापाशी आली. "मालक गेल्यापासनं कचेरीचे कागद मीच वाचते. उर्दू मला तुझ्याहून बरी येती."

गंगम्मानं पानाचा डबा बंद केला.

"उद्या हाच खेळ हाय न्हवं? मी येते. ती बाई बोलती तेच सांग. खोटं बोलणारी मला घरात चालायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी गंगम्मा त्याच जागी. पडद्यावरची आई कडाडली. शिवम्मानं आज चाल लावली नाही. गंगम्माकडं सरळ बघत म्हणाली, "ती म्हणती, मजुराची पोर माझी पायरी चढायची न्हाई." मग म्हणाली, "पोर रडायली. दुःखानं."

कुणी हसलं नाही. सांगणारी पोर कुणाची, समोर बसलीय कोण, सगळ्यांना ठाऊक होतं.

गंगम्मानं पानाला चुना लावला, घडी केली.

"म्हणू दे तिला," ती म्हणाली. "ती कुठं लातूरची हाय?"

मग बाजूला सरकून तिनं सतरंजीवर जागा केली. "ये, बस हितं. पुढचं बसून सांग."