बिनश्वासाची तिलावत

कारीसाहेब स्टुडिओत शिरायचे तेव्हा आधी त्यांचं अत्तर यायचं, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी ते स्वतः. दारातच थांबून ते मालकाला हात पुढे करायचे, जणू मालकाने तो दोन्ही हातांत धरायलाच जन्म घेतलाय. मालक धरायचाही. काचेमागे बसलेला रेकॉर्डिस्ट मात्र जागचा उठायचा नाही. तो त्यांना मनातल्या मनात ‘गळा’ म्हणायचा. त्या गळ्याला चिकटलेला बाकीचा माणूस त्याने कधी जमेतच धरला नव्हता.

गळा होता मात्र खरा. कुरआन सुरात वाचणारे कारी पुष्कळ असतात, पण या गृहस्थांनी तोंड उघडलं की मालकासारखा फक्त बिलं वाचणारा माणूसही डोळे मिटून घ्यायचा. म्हणूनच रेडिओवाल्यांनी रमजानचा कार्यक्रम त्यांना दिला होता. रोज एक पारा, म्हणजे कुरआनच्या तीस भागांतला एक, रोजा सुटायच्या आधी लागायचा. कारीसाहेब आदल्या दिवशी येऊन वाचून जायचे. रेकॉर्डिस्ट ते वाचन साफ करायचा. दुसऱ्या दिवशी घराघरांत लोक तहानलेले, भुकेले बसून ते ऐकायचे आणि मान हलवायचे.

साफ करायचं म्हणजे काय, हे त्या मान हलवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. खोकला काढायचा, पान उलटल्याचा आवाज काढायचा, खुर्चीची कुरकुर काढायची, हे तर कुणीही करतं. पण कारीसाहेबांना श्वास काढून हवे होते. लांबलचक आयत, म्हणजे कुरआनातलं एखादं वचन, माणसाला एका दमात पुरं होणं शक्य नाही असं, ती त्यांच्या तोंडून एका दमात झाली पाहिजे. कायदा अगदी साधा आहे, लहान पोरांनाही शिकवतात. दम संपला तर थांबायचं, श्वास घ्यायचा, दोन शब्द मागे जायचं आणि पुन्हा उचलायचं. कारीसाहेब माइकपुढे हेच करायचे, घामाघूम होऊन करायचे. मग रेकॉर्डिस्टने श्वासाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा बटण दाबून तो कापायचा, मागे जाऊन घेतलेले दोन शब्द कापायचे आणि दोन्ही टोकं अशी जुळवायची की सांधा सापडता कामा नये.

सापडायचा नाहीच. त्या कामात रेकॉर्डिस्टचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. लोक रेडिओवाल्यांना फोन करून म्हणायचे, “काय दम आहे साहेबांचा! रोज्यात असून!” मालक ते फोन मोठ्या कौतुकाने सांगायचा. कारीसाहेब नजर खाली घालून “सगळी त्याची देणगी” म्हणायचे. रेकॉर्डिस्ट काचेमागे तोंड वाकडं करायचा. देणगी त्याची नाही बाबा, माझी आहे, असं त्याच्या ओठांवर यायचं.

तिरस्काराला त्याच्याकडे आणखी एक खाद्य होतं. रोजा असलेल्या माणसाचं तोंड दुपारनंतर कोरडं पडतं. जीभ टाळूला चिकटते आणि सुटताना बारीक चट् असा आवाज होतो. माइक कुणाची भीड ठेवत नाही, त्याला हा चट् बरोब्बर ऐकू येतो. कारीसाहेबांच्या तोंडातही तो असायचा. मग ते म्हणायचे, “जरा गुळणी करून येतो.” गुळणीला कुठे हरकत आहे? पण मोरीतून परत आले की आवाज असा ओला लागायचा की चट् म्हणून औषधालाही सापडायचा नाही. शिवाय रोजेदाराचं पोट त्या वेळी गुरगुरतं. यांचं पोट एवढं ऐसपैस असून कधी हूं की चूं करत नव्हतं. रेकॉर्डिस्टने हे कुणाला सांगितलं नाही. पण रोज तो कान लावून बसायचा आणि तो ओला आवाज आला की त्याला आपल्या कोरड्या तोंडाचा मोठा अभिमान वाटायचा. त्याचा रोजा कडक होता. पाण्याच्या थेंबाला तो शिवत नव्हता. एखाद्याला इतकं तुच्छ लेखायला मिळतंय म्हटल्यावर त्याचा दिवस कसा मजेत जायचा.

घरी त्याची आई होती. तिची फुफ्फुसं निकामी होत आली होती. जिना चढणं केव्हाच बंद झालं होतं, आणि यंदा डॉक्टरांनी रोजेही बंद केले. “औषधं दिवसातून चारदा घ्यायची आहेत, उपाशी राहून चालणार नाही,” असं त्यांनी दरडावून सांगितलं होतं. आई त्या दिवशी जेवली नव्हती. मग स्वतःच स्वतःची समजूत घातली, “रोजा गेला तर गेला. तिलावत कुणी काढून घेत नाही. महिन्याभरात पूर्ण कुरआन वाचीन.” खिडकीशी तिची खुर्ची, पुढे लाकडी घोडीवर उघडलेला कुरआन, शेजारी रेडिओ. संध्याकाळी कारीसाहेब लागले की ती ओळींवर बोट ठेवून त्यांच्याबरोबर वाचायची. यंदाच्या रमजानमध्ये तिच्या वाट्याला एवढंच उरलं होतं, आणि पुढच्या रमजानचा भरवसा घरात कुणीच बोलून दाखवत नव्हतं.

महिना थोडा पुढे सरकला आणि एका दुपारी, तो कामावर निघताना, बायको त्याला दाराशी अडवून म्हणाली, “अहो, अम्मी वाचत नाहीत हल्ली.”

“म्हणजे?”

“कुरआन मिटून ठेवलाय. नुसता रेडिओ ऐकतात. मी विचारलं तर म्हणाल्या, राहू दे. तुम्ही बोला त्यांच्याशी. मला भीती वाटते.”

तो चपला काढून आत गेला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“काय गं अम्मी, संप केलास म्हणे?”

“संप कसला?” ती वळली नाही. “ते कारीसाहेब बघ. रोजा असून एवढी मोठी आयत एका दमात. आणि मी? खाऊन-पिऊन, औषधं ढोसून, दोन शब्दांत धापा टाकते. त्या दिवशी मीपण म्हटलं, एका दमात वाचून बघू. असा ठसका लागला की सूनबाईने श्वासाचा पंप आणेपर्यंत डोळ्यांपुढे अंधार. ते काय वाचणं झालं? तोडून तोडून, कुथत. देवाच्या कलामाची बेअदबी नुसती. त्यापेक्षा न वाचलेलं बरं.”

“कोण कारीसाहेब!” तो फणकाऱ्याने म्हणाला. “त्यांचं काय घेऊन बसलीस तू!”

“असं बोलू नये. रमजान आहे.”

पुढचं वाक्य त्याने आवरलं. बाहेर बोलायचं नाही, असं मालकाने बजावलं होतं, पण आवरायला तेवढंच कारण नव्हतं. ते सांगायचं तर आपलं नाव मधे येत होतं. तो उठला आणि सगळा राग गोळा करून स्टुडिओत गेला. राग कारीसाहेबांवर होता. दुसऱ्या कुणावर असायचं कारणच काय, असं त्याला वाटत होतं.

त्या दिवशी कारीसाहेब मोरीतून ओठ पुशीत बाहेर आले, तेव्हा तो पहिल्यांदाच काचेमागून उठून त्यांच्यापुढे उभा राहिला.

“साहेब, आजपासून श्वास राहू देतो.”

“का? मशीन बिघडलं?”

“मशीन ठीक आहे. माणसं बिघडतायत. आजारी, म्हातारी माणसं तुमच्याबरोबर वाचायला बसतात. त्यांना वाटतं आपलंच काही चुकतंय.”

कारीसाहेबांनी रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला. “हे बघ, लोकांना कलाम ऐकायचंय. माझा भाता ऐकायचा नाही.”

“थांबावं, मागचे शब्द घ्यावे, पुन्हा उचलावं, असं तुम्हाला कुणी शिकवलं नाही?”

“शिकवलं ना. मी तसंच तर वाचतो. तू काचेमागूनच ऐकतोस की रोज.” कारीसाहेब हसले. ते हसणंसुद्धा सुरात होतं. “मी थांबतो, श्वास घेतो, दोन शब्द मागे जातो. कायद्याने जे करायचं ते सगळं करतो. मग ते जातं कुठे, सांग बरं? कात्री कुणाच्या हातात आहे? मी नुसतं म्हटलं होतं, जमेल का? तू म्हणालास, सांधा दाखवून द्या, नोकरी सोडतो. आठवतंय?”

आठवत होतं. हे वाक्य त्याने छाती पुढे काढून म्हटलं होतं आणि मालकाने वर टाळी दिली होती. पाण्याचं काढावं, सगळ्यांसमोर काढावं, असं त्याच्या मनात आलं. पण तेवढ्यात मालक मधे पडला. “अरे, कशाला वाद? साहेब, बसा. आणि तू, कामाला लाग.” तो बसला. त्या दिवशीचा पाराही त्याने साफ केला. श्वास काढले. नोकरी होती, घर होतं, मालक काचेतून बघत होता. कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

घरी आला तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. रेडिओ लागला होता आणि आई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. त्याने जाऊन रेडिओ बंद केला.

“अरे, काय करतोस?”

“खोटं आहे ते. एका दमात कुणीच वाचत नाही अम्मी. तुझा तो कारीही नाही. तोही थांबतो, धापा टाकतो, पुन्हा मागे येतो. नंतर ते कापतात.” आणि बांध फुटल्यासारखा तो बोलतच सुटला. अत्तर, तोरा, खाली घातलेली नजर, आणि शेवटी पाणी. “गुळणीला म्हणून जातो आणि घटाघटा पिऊन येतो. मला ऐकू येतं. रोजा कसला त्याचा, ढोंग नुसतं!”

आईने ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कोण कापतं?”

त्याने रेडिओ उचलून भिंतीकडे सरकवला.

“श्वास कोण कापतं, विचारतेय.”

“मी.”

“रोजा असताना?”

“हो.”

“दुसऱ्या पाऱ्यात या महिन्याची आयत आहे. रमजानची. जिच्यात मला ठसका लागला. तीही तूच?”

“सगळं मीच करतो.”

“काय म्हटलंय त्या आयतीत?”

ती आयत त्याने मागे-पुढे करून इतक्यांदा ऐकली होती की तिच्यात श्वास कुठे होते, चट् कुठे होता, पान कुठे उलटलं, हे तो झोपेत सांगू शकला असता. शब्दही ओठांवर होते. अर्थ? तो कानांत शिरला असेल तर तिथेच राहिला असेल.

“तुझ्या लहानपणी मीच शिकवला होता अर्थ,” आई म्हणाली. “आजारी असाल, प्रवासात असाल तर रोजे नंतर कधी धरा, असं म्हटलंय. तुमचं सोपं व्हावं हीच त्याची इच्छा आहे, तुम्हाला अडचणीत टाकायची नाही. हे म्हटलंय त्यात. माझ्यासारख्यांसाठीच आहे रे ती आयत. आणि तिच्यातलाच श्वास काढलास तू.”

“अम्मी, मला काय माहीत तू...”

“त्या बिचाऱ्याच्या तोंडातलं पाणी बरं ऐकू आलं तुला. ते त्याच्यापाशी, तो जाणे आणि देव जाणे. तू इतके दिवस कोरडं तोंड घेऊन हिंडतोयस, कशासाठी? त्याला हिणवायला? एवढ्यासाठी उपाशी राहायची काय गरज होती? ते तर जेवूनही करता आलं असतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढवण्याइतका दम तिच्यात नव्हताच. तिने त्याच्याकडे पाहिलं. आजवर तो ज्या नजरेने काचेतून बाहेर बघत आला होता, तशीच ती नजर त्याला लागली आणि ती झेलण्यासारखं आपल्यात काही आहे का, हे त्याला शोधून सापडेना.

“माझे मधले दिवस गेले,” ती म्हणाली. “ते काही तू आणून देणार नाहीस. घोडी ओढ इकडे. बस.”

त्याने घोडी पुढे ओढली, कुरआन उघडून ठेवला आणि जमिनीवर बसला. बायको दारात येऊन उभी राहिली. आईने पानं मागे उलटली, त्या आयतीपाशी आणली आणि वाचायला लागली. सूर असा नव्हताच. चार शब्दांत दम संपला. ती थांबली. छातीतून शिट्टीसारखा लांब श्वास आत गेला, खोलीभर ऐकू आला. मग ती दोन शब्द मागे गेली आणि पुन्हा उचललं. पुन्हा थांबली.

रेकॉर्डिस्ट मान खाली घालून ऐकत होता. अर्थाकडे लक्ष द्यायचं, एकही शब्द सोडायचा नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. आई पुन्हा थांबली, श्वास घेतला, आणि त्याला दिसलं की मांडीवरचं आपलं बोट हललं, श्वासाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटाला एकदा. तिचा श्वास त्याने कापला होता.

त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला. आई दोन शब्द मागे जाऊन पुढे वाचू लागली.