साथ डोळ्यांची, सुट्टी पायांची

मी जिना बोलतोय. वाशीतल्या एका चार मजली इमारतीचा जिना. तुम्ही मला तुडवता, माझ्या कोपऱ्यात पान थुंकता आणि घरी पाहुणे आले की "जिना जरा अरुंदच आहे हं" म्हणून वर माझीच लाज बाळगता. तेव्हा आज थोडं ऐकून घ्या. मला साऱ्या इमारतीच्या खबरा असतात. मुद्दाम कान देत नाही हो! माणसं दार लावून घेतात आणि उरलेलं भांडण माझ्यावर येऊन पुरं करतात, त्याला मी काय करू?

माझा जन्म सत्त्याहत्तर सालचा. आजूबाजूला खाडीचा चिखल, कमरेएवढं गवत आणि मधेच आमच्यासारख्या चार-दोन नव्याकोऱ्या इमारती. कंत्राटदाराने मला घाईत बांधलं, त्यामुळे माझ्या काही पायऱ्या उंच, काही बुटक्या. कठडा मात्र चांगला लोखंडी. त्याच्यावर सागवान म्हणून लावलेलं साधंच लाकूड. पण हजार हात फिरून फिरून ते असं गुळगुळीत झालं की सागवानानं लाजावं.

तेव्हा माणसं चालायची. पिठाची गिरणी गावात, बस लांब, रॉकेलची रांग त्याहून लांब. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांना पाणी चढायचं नाही, मग खालून बादल्या. बायका डोक्यावर दळण घेऊन गप्पा मारत चढायच्या आणि गप्पा संपल्या नाहीत म्हणून परत दोन मजले उतरायच्या. पोरं तर माझ्यावरून चालायचीच नाहीत, कोसळायची. व्यायाम हा शब्दसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर श्यामसुंदर कांबळे राहायला आले. महाप्याला कंपनीत कारकून. त्यांची बायको जयमाला टेलिफोन ऑपरेटर. आणि श्यामसुंदरची आई बायजाबाई, कोकणातून आलेल्या. या बायजाबाई न्हाणीत घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "रोज जिना उतरा, चढा. बसून राहिलात तर गुडघा आखडेल, मग माझ्याकडे येऊ नका."

एके दिवशी त्यांच्या दारासमोरच्याच माझ्या पायरीवर नवरा-बायकोचं बोलणं झालं.

"आईचं सगळं जागेवर करायची वेळ आली तर कुणाला तरी घरी बसावं लागेल," श्यामसुंदर म्हणाला.

"कुणाला तरी म्हणजे मलाच ना?" जयमाला म्हणाली. "सरळ सांगा की, नोकरी सोड."

आतून बायजाबाईंनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या. कठडा धरला, दात आवळले आणि माझ्याशीच बोलल्यासारखं बोलल्या, "माज्या पायापायी पोरीची नोकरी नाय जायाची. कळलं का रे?"

कळलं होतं. रोज थोड्या पायऱ्या वाढत गेल्या. कठड्यावरचा त्यांचा तो घामट हात मला अजून ओळखता येईल. त्या दुसऱ्या मजल्यापर्यंत येऊन पोचल्या आणि साथ आली.

एक्याऐंशी सालची ती डोळ्यांची साथ. साऱ्या मुंबईत लोकांचे डोळे आले, लालबुंद, चिकट. खाडीपलीकडे आमच्याकडेही आले. दुखणं डोळ्यांचं, पण आमच्या लोकांनी विश्रांती दिली पायांना! ज्याचे डोळे आले तो घरात, ज्याचे आले नाहीत तोही घरात. पोरांना कोंडलं. सकाळी फिरायला जाणारे चौथ्या मजल्यावरचे वामनराव गादीवर पडून रेडिओ ऐकू लागले. साथीच्या नुसत्या नावाने माणूस इतका सुखावतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सोसायटीचे सेक्रेटरी जयप्रकाश टिपणीस, मुक्काम दुसरा मजला. दिवसासुद्धा काळा गॉगल. नुसतं लाल डोळ्याच्या माणसाकडे बघितलं तरी आपले डोळे येतात, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी मीटिंग भरवली, प्रत्येक जण आपापल्या दारात उभा.

"ही साथ पसरते कशाने? या कठड्याने!" टिपणीस ओरडले. "सगळे इथेच हात लावतात. आजपासून कठडा बंद. शक्यतो जिनाच बंद."

"मग भाजी, दूध?" कुणीतरी विचारलं.

"त्याची व्यवस्था केली आहे."

व्यवस्था काय, तर एक टोपली. गच्चीच्या कठड्याला कप्पी, तिच्यात लांब दोर आणि सगळ्या इमारतीला मिळून एकच टोपली! खाली वाशीगावची भाजीवाली चांगुणाबाई टोपली भरायची. मग पहिल्या मजल्याने दोर ओढायचा, टोमॅटो दाबून बघायचे, डोळे चोळायचे आणि टोपली वर सोडायची. मग दुसऱ्या मजल्याने तेच. तिसऱ्याने तेच. लाल डोळ्यांचे हात, बऱ्या डोळ्यांचे हात, सगळे त्याच दोराला. आणि फिनेल कुणावर? माझ्यावर! दोन वेळा. एवढी शिकलेली माणसं, पण आपल्या हातातला दोर कुणाला दिसला नाही. दिसला असता तर उठून खाली यावं लागलं असतं ना.

साथ पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर चढली, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मी मोकळा पडलो होतो. माझ्यावरून कुणीच चढत नव्हतं, ती चढली दोरावरून.

बायजाबाई घरात. जयमालाने दोनदा विचारून पाहिलं, "टिपणीस भाऊजी, आईंना नुसतं मजलाभर फिरू द्या."

"वहिनी, एका म्हातारीसाठी अख्खी सोसायटी धोक्यात घालू का?"

मला आतल्या खाटेची करकर ऐकू यायची. आधी दिवसातून बऱ्याचदा, मग कधीतरी. गुडघा आखडत चालला होता. जयमालाने ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली. रजा संपली की पुढची पायरी राजीनाम्याची.

आणि एका सकाळी बायजाबाईंचेच डोळे आले. दाराबाहेर पाऊल नाही, आणि डोळे असे लाल! रोज भाजी निवडायला टोपली त्यांच्याच पुढ्यात ठेवत होते.

सगळं घर घाबरलं. बायजाबाई मात्र आरशात बघून हसल्या. "आला एकदाचा पाहुणा! आता मला कशाची भीती घालताव?" असं म्हणून त्यांनी दार उघडलं.

"आई, कठड्याला हात लावू नका, लोक बोलतील," जयमाला मागून कळवळली.

"नाय लावत. माजं दुखनं कुनाला कशाला देऊ? पण बुडाला तर बंदी नाय ना?"

आणि त्या माझ्या पायरीवर चक्क बसल्या. दोन्ही तळवे पायरीवर टेकले, दुखरा पाय पुढे केला, सरकल्या. मग पुढची पायरी. गुडघा वाकताना त्या "आई गं" म्हणायच्या आणि लगेच मला शिवी द्यायच्या, "मेल्या, केवढा उंच तू!" कंत्राटदाराची ती चूक मला तेव्हा फार लागली.

दुसऱ्या मजल्यावर टिपणीसांचं दार किलकिलं झालं. "आजी! अहो, साथ आहे!"

"तुमचीच उष्टी हाय, टोपलीतनं धाडलेली," बायजाबाई म्हणाल्या. "या की, सोबत उतरा. पोट कमी हुईल."

दार आपटलं. मग एकेक दार उघडत गेलं आणि एकेक दार आपटत गेलं. एकाही धडधाकट माणसाने खाली यायचं धाडस केलं नाही. जयमाला तेवढी तोंडाला पदर लावून मागे मागे.

तळाशी चांगुणाबाई धावली. "आगो बाय, डोलं बघ कसं लाल झालंन तुजं! घसपटत आलीस क गो?"

"आले ना पन?" बायजाबाई म्हणाल्या आणि दोन्ही पाय मातीत टेकवून बसल्या. मग पाठमोऱ्या तशाच सरकत वर गेल्या. रडत गेल्या, पण गेल्या. उद्या परत आल्या. परवाही.

साथ गेली. डोळे सगळ्यांचेच बरे झाले, बायजाबाईंचेही. त्यांनी कठडा पुन्हा धरला आणि पावसाळा सरायच्या आत उभ्याने खाली आल्या. जयमाला कामावर रुजू झाली.

बाकीच्यांची गंमत ऐका. टोपली गेलीच नाही! आता सत्त्याऐंशी साल चालू आहे, अजून दोर लोंबतोय. दूध टोपलीने, पेपर टोपलीने. पोरं घरात टीव्हीसमोर. वामनराव महिन्यातून एकदा उतरतात आणि चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून मला दोष देतात. साथीला नावं ठेवतात सगळे, पण तिने लावलेली सवय कशी जिवापाड जपली आहे! आणि मी रिकामाच आहे म्हणून माझ्या वळणावर यांनी पाण्याची पिंपं, मोडका पाळणा, सिमेंटच्या गोणी आणून टाकल्यात.

तुम्ही चाला, असं मी सांगणार नाही. तुमच्याकडून ते व्हायचं नाही. एवढंच करा, ती पिंपं कठड्याजवळून जरा आत ओढून घ्या, धरणाऱ्याला कठडा मोकळा राहू द्या. आपल्याला वाकवत नसेल तर टोपलीतून कुणाला तरी चिठ्ठी धाडा. पण आत्ताच धाडा. वर तिसऱ्या मजल्यावर कडी वाजली आहे. बायजाबाई रोजच्यासारख्या निघाल्या.