प्रल्हादरावांनी मागे घेतलेला आक्षेप

मुलगी इंजिनियर, कमावती, आणि तिच्या ऑफिसच्या कामाला बाप डबा घेऊन सोबत निघालेला. शहरातल्या घमापूर भागातल्या घरातून निघताना प्रल्हादरावांना यात काडीचंही वावगं वाटलं नव्हतं. पोरगी पहिल्यांदाच बाहेरगावी, मझौलीला, कामासाठी चालली, तर बापानं जायलाच हवं. नेहाचं तोंड मात्र बसमध्ये बसल्यापासून फुगलेलं होतं.

"बाबा, तुमी तिथं काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "चुपचाप बसायचं."

"मी काहून बोलू?" प्रल्हादराव म्हणाले.

आता हा माणूस आयुष्यभर संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत स्टोअर सांभाळून रिटायर झालेला. गेटपासशिवाय एक खिळा त्यांनी कुणाला बाहेर नेऊ दिला नाही. एकदा आक्षेप घेतला की मोठे साहेब स्वतः खाली आले तरी मागे घेतला नाही, आणि ही गोष्ट ते पाहुण्यांना जेवता जेवता दोनदोनदा ऐकवत. असा माणूस गप्प बसणार कसा? पण "बाबांना ने, नाहीतर जाऊ नको" असं आईनं बजावल्यावर नेहाचाही नाइलाज होता.

काम तसं साधं होतं. मझौलीच्या एका बियाणं संस्थेत जुना सर्व्हर होता, त्यावर डेटाबेस बसवायचा, म्हणजे शेतकऱ्यांची सगळी माहिती एका जागी राहील. नेहाच्या साहेबानं, अजिंक्यनं, स्वच्छ सांगितलं होतं: आज जमलं तर बाहेरगावची सगळी कामं तुझ्याकडे, नाही जमलं तर तू पुन्हा ऑफिसात फोन उचलायला बस, बाहेरच्या कामांना ऑफिसातला प्रसन्न जाईल. नोकरीला लागल्यापासून नेहा फोनच उचलत होती. तिला त्याचा वीट आला होता.

संस्थेचे मॅनेजर पुंडलिकजी भला माणूस. त्यांचे आजोबा वर्ध्याकडचे, त्यामुळे या हिंदी मुलखात मराठी ऐकून खुलले, आणि लगेच चहा-पोहे मागवले. प्रल्हादराव कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. नेहानं मशीनवर दोन-चार हुकूम टाइप केले आणि मशीननं चक्क नकार दिला.

"क्या हुआ दीदी?" पुंडलिकजींनी विचारलं.

"मशीन चालवणारं लिनक्स तसं फुकट मिळते," नेहा म्हणाली, "पण तुमचं हे कंपनीचं आहे, पैसे देऊन घेतलेलं. दरवर्षी सबस्क्रिप्शन भरलं तर कंपनीच्या गोदामातून इंटरनेटवर पाहिजे तो सुटा भाग भेटतो. तुमचं कधीच खतम झालं. डेटाबेस फुकटचाच आहे, तो मी पेनड्राइव्हवर आणला. पण त्याला लागणारे काही भाग त्या गोदामात आहेत."

"मार्चच्या मीटिंगशिवाय कमेटी एक रुपया मंजूर करणार नाही," पुंडलिकजींनी हात वर केले.

"मशीनसोबत एक डिस्क आली असेल. तिच्यावर ते भाग असतात."

शोधाशोध झाली. कपाटं झाली, खोकी झाली. शेवटी डिस्क सापडली ती बियाण्याच्या गोदामात, खिडकीला दोऱ्यानं टांगलेली. मटरच्या पोत्यांवर चिमण्या येऊ नयेत म्हणून पुंडलिकजींनीच ती लावली होती, आणि काम चोख करत होती म्हणे. नेहानं ती सोडवली, ओढणीनं पुसली, मशीनमध्ये घातली.

"आता याला सांगायचं," ती खुशीत म्हणाली, "की कंपनीच्या दारात जाऊच नको, माल इथूनच घे." आणि अजिंक्यला फोन लावायला ती रेंज शोधत अंगणात गेली.

प्रल्हादरावांनी चहाचा कप खाली ठेवला. सबस्क्रिप्शन संपलेलं, कंपनीच्या दारात जायचं नाही, आणि माल भलतीकडून काढायचा! याच कामासाठी त्यांनी कितीजणांना गेटवर धरलं होतं. आता पोटची पोर तेच करून राहिली होती.

"पुंडलिकजी, ये काम रुकवा दीजिए," ते उठून म्हणाले. "हे नियमात बसत नाही. ऑडिट आलं तर तुम्ही-आम्ही दोघं आत."

ऑडिट म्हटल्यावर संस्थेच्या मॅनेजरचं जे होतं तेच झालं. पुंडलिकजींनी मशीन बंद केलं, डिस्क काढली, ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. चहाचे कपही उचलायला सांगितले.

नेहा परत आली. तिला कळायला वेळ लागला नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी बाहेर बसा."

ते बाहेर पोत्यावर जाऊन बसले. आत खिडकीशी रेंज धरून ती अजिंक्यशी बोलत होती. "सर, बस एक घंटा और. नहीं सर, प्रसन्न को मत भेजिए." लहानपणी तिनं काही मागितलं तरी असा आवाज काढला नव्हता.

ते आत गेले. "नेहा, ही डिस्क चोरीची आहे का?"

"नाही बाबा. मशीन घेतलं तेव्हा पैसे भरून आली. तिच्यावरचं सगळं यांचंच आहे. सबस्क्रिप्शन नव्या मालासाठी, दुरुस्तीसाठी. ते मी मागूनच नाही राहिली."

"म्हणजे यांच्या नावावर इश्यू झालेला माल?"

"हां. घरात पडलेला."

संपलंच की मग. आक्षेप चुकीचा होता, आणि तो त्यांचाच होता. प्रल्हादराव पुंडलिकजींच्या टेबलासमोर उभे राहिले आणि घसा खाकरत राहिले.

"माझी चूक झाली," ते शेवटी म्हणाले. "आक्षेप मागे घेतो."

"अच्छा? आप ही तो बोले थे, प्रल्हादजी," पुंडलिकजी किल्ली मुठीत धरून म्हणाले. "आता जिम्मेदारी कोणाची?"

"तिची. हे काम तिला कळते. मला नाही कळत."

नेहानं मान वर केली. पुंडलिकजींनी ड्रॉवर उघडला. डिस्क दोनदा अडखळली, पुन्हा पुसली, मग बिचारी गुमान चालली. संध्याकाळच्या आत डेटाबेस बसला आणि चाचणी म्हणून त्यात पहिलं नाव पुंडलिकजींचं गेलं. निघताना नेहानं त्यांना बजावलं की नव्या दुरुस्त्या यात येणार नाहीत, मार्चच्या मीटिंगमध्ये सबस्क्रिप्शनचं बघाच. पुंडलिकजींनी कबूल केलं, आणि चिमण्यांसाठी दुसरी डिस्क आहे का, तेही विचारून घेतलं.

परतीच्या बसमध्ये अजिंक्यचा फोन आला. सोमवारी मंडल्याला जायचं होतं, एकटीनं. नेहानं फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. आता वाद होणार म्हणून तिनं खांदे ताठ केले होते.

"मी नाही येत," प्रल्हादराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "माझं काय काम तिथं?" त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते लपवायला त्यांना जमत नव्हतं. "स्टँडवर मात्र सोडून देईन."

"सोडा," नेहा म्हणाली. तिनं त्यांच्या हातातला रिकामा डबा आपल्या पिशवीत घातला. "पण बस निघेपर्यंत उभे नका राहू."

"ते काही जमणार नाही," प्रल्हादराव म्हणाले.